दहा वर्षांचा टीसी: बुडापेस्टची मुलांची रेल्वे

आजच्या भागात हंगेरियन नावं आहेत आणि ती मराठी तोंडात सहजासहजी बसत नाहीत. म्हणून शक्य तिथे नावाबरोबर त्याचा अर्थही सांगत जाईन. अर्थ फार सुंदर आहेत, ते चुकवू नका.

डोळ्यांसमोर एक स्टेशन आणा. डोंगरात, झाडीत, छोटंसं. नॅरोगेजची गाडी उभी आहे. फलाटावर गणवेशातली बारा वर्षांची एक मुलगी आहे, डोक्यावर लाल टोपी. ती रूळ बघते, घड्याळ बघते, गाडी सोडायची खूण करते. गाडी हलते आणि ती कडक सॅल्यूट ठोकते. शेवटचा डबा पुढे गेल्यावरच हात खाली येतो. आत डब्यात अकरा वर्षांचा टीसी तिकिटं तपासत फिरतोय. एक जर्मन आजोबा त्याला विचारतात, टेकडीवरच्या मनोऱ्याला जायला कुठे उतरायचं? तो स्टेशनाचं नाव सांगतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो.

हे नाटक नाही, स्नेहसंमेलन नाही, बालदिनाचा कार्यक्रमही नाही. बुडापेस्टमध्ये १९४८ पासून हे असंच चालू आहे. हिचं नाव ‘ड्येर्मेकवाशूत’. ड्येर्मेक म्हणजे मूल. वाशूत म्हणजे रेल्वे, आणि त्याची फोड केली तर वाश म्हणजे लोखंड, ऊत म्हणजे रस्ता. म्हणजे आपला लोहमार्गच की!

आता ही कल्पना आली कुठून? तर सोव्हिएत युनियनमधून.

१९३० च्या दशकात सोव्हिएत रेल्वेची अवस्था वाईट होती. कारखाने भराभर उभे राहत होते, माल वाढत होता, गाड्या पुरत नव्हत्या, शिकलेली माणसं पुरत नव्हती आणि अपघात सारखे होत होते. १९३५ च्या सुरुवातीला स्टालिनने आपला खास माणूस लाझर कगानोविच याला रेल्वेचा मंत्री केलं. त्याच वर्षी जून महिन्यात जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरात, मुश्ताइदी नावाच्या बागेत, एक छोटी रेल्वे सुरू झाली. लांबी जेमतेम चारशे मीटर. पण ती चालवणारी होती शाळकरी मुलं. ‘पायोनियर’ म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची बालसंघटना, गळ्यात लाल स्कार्फ घालणारी. मुलांना खेळता खेळता रेल्वे शिकवायची आणि पुढे त्यांतूनच रेल्वेचे कामगार मिळवायचे, असा हिशेब होता. मग एकामागोमाग एक शहरांत अशा रेल्वे झाल्या. पुढच्या काही दशकांत त्यांची संख्या पन्नाशीच्या आसपास गेली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बागेत मुलं सिग्नल शिकत होती, त्याच काळात मोठ्या रेल्वेवर अपघात झाला की तो ‘घातपात’ ठरायचा. १९३७ च्या आसपास रेल्वेतल्या हजारो माणसांना अटक झाली. कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. चूक झाली तर मोठ्यांना तुरुंग, आणि बाजूला मुलांना चुकत चुकत शिकायची मुभा. एकाच खात्याचे हे दोन चेहरे. मुलांच्या रेल्वेचे गोडगोड फोटो बघताना मला हे विसरता येत नाही.

दुसरं महायुद्ध संपलं आणि हंगेरी सोव्हिएत छायेखाली आला. तिथे वाहतूक खातं होतं एर्नो गेरो यांच्याकडे. पक्का मॉस्कोनिष्ठ माणूस. युद्धात पाडलेले पूल त्याने झपाट्याने बांधून घेतले होते, हेही खरं. या गेरोच्या पाठबळावर मुलांच्या रेल्वेचा प्रकल्प उभा राहिला. पण तिबिलिसीसारखी बागेतली छोटी फेरी नाही. इथे जागा निवडली बुडाच्या डोंगरांत.

एप्रिल १९४८ मध्ये काम सुरू झालं. ३१ जुलैला पहिला ३.२ किलोमीटरचा टप्पा चालू! साडेतीन महिन्यांत. (आपल्या गावातला उड्डाणपूल आठवला असेल, तर तो मनातच ठेवा.) दुसरा टप्पा १९४९ मध्ये झाला आणि २० ऑगस्ट १९५० ला गाडी पूर्ण ११.२ किलोमीटर धावली. तारीखही सहज निवडलेली नव्हती. २० ऑगस्ट हा हंगेरीत संत स्टीफनचा पारंपरिक सण. नव्या राजवटीने तोच दिवस ‘संविधान दिन’ करून टाकला होता.

रेल्वेचं नाव ठेवलं ‘उत्तोरोवाशूत’, म्हणजे पायोनियर रेल्वे. उत्तोरोचा शब्दशः अर्थ ‘वाट फोडणारा’. एका स्टेशनचं नाव ‘एलोरे’, म्हणजे ‘पुढे!’, ही पायोनियरांची घोषणा. एकाचं नाव ‘पायोनियर नगर’. एकाला एन्द्रे शागवारी या कम्युनिस्ट कार्यकर्त्याचं नाव, जो १९४४ मध्ये तिथेच जवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला होता. थोडक्यात, गाडीत बसलात की टाइमटेबल वाचता वाचता राजकारणाचा तास होऊन जायचा.

गेजबद्दल थोडं बोलू द्या, मी त्याशिवाय राहणार नाही. या रेल्वेचे रूळ ७६० मिलिमीटरचे. आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. फक्त दोन मिलिमीटरचा फरक! माथेरानची गाडी याहून अरुंद, दोन फुटांची. म्हणजे बुडापेस्टची ही गाडी ‘टॉय ट्रेन’ म्हणण्यासारखी मुळीच नाही. याच मापाच्या गेजवर बार्शीला वारकरी आणि धान्याची पोती दोन्ही वाहून नेली जायची. इथे बोगदा आहे, जवळजवळ दोनशे मीटरचा. चढ आहे, वळणं आहेत, सात-आठ स्टेशनं आहेत आणि मार्ग एकेरी आहे. एकेरी म्हणजे काय? समोरासमोर दोन गाड्या आल्या तर धडक.

आणि या सगळ्या विषयातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग इथेच आहे. एकेरी मार्गावर गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारावं लागतं: मार्ग मोकळा आहे का, गाडी पाठवू का? तिकडून हो आलं की ते नोंदवहीत वेळेसकट लिहायचं, मग सांधे लावायचे, मग सिग्नल. गाडी पोहोचली की तिकडून कळवायचं, पुन्हा नोंद. बुडापेस्टच्या या रेल्वेवर ही फोनाफोनी आणि ही नोंदवही मुलांच्या हातात असते. नोंदवही सांभाळणारा एक मुलगा, फलाटावर गाडी सोडणारी लाल टोपीवाली दुसरी मुलगी, सांधेवाला तिसरा, तिकीट खिडकीत चौथी, भोंग्यावरून सूचना देणारा पाचवा, डब्यांत टीसी. प्रत्येकाला आपलं काम येतं आणि शेजारच्याचंही. कारण कामं फिरतात. आज जो टीसी तो पुढच्या वेळी खिडकीत.

मग मोठी माणसं करतात काय? इंजिन मोठी माणसं चालवतात. हे पक्कं. मुलांना इंजिनाचा ताबा नाही. आणि प्रत्येक स्टेशनात एक प्रशिक्षित मोठा रेल्वेवाला मुलांच्या मागे उभा असतो. मुलगा ठरवतो, बोलतो, लिहितो, खटका ओढतो. मोठा माणूस बघतो आणि चुकतंय असं दिसलं तरच मध्ये पडतो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. नव्या मुलाला आपण दोन टोकांचं काहीतरी देतो. एक तर काहीच देत नाही, म्हणजे नुसतं बघ, डॉक्युमेंट वाच. नाहीतर सगळंच देतो आणि रात्री तीन वाजता फोन करतो. बीटेकच्या तिसऱ्या वर्षी मी एका कंपनीत सहा आठवडे इंटर्न होतो. त्या सहा आठवड्यांत मी एक प्रेझेंटेशन बनवलं, जे कुणी उघडलंसुद्धा नाही. बुडापेस्टच्या दहा वर्षांच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त ‘प्रोडक्शन अ‍ॅक्सेस’ आहे! त्याने फोन उचलून ‘हो, पाठवा’ म्हटल्याशिवाय खरी माणसं बसलेली खरी गाडी हलत नाही. मात्र त्याच्या मागे रिव्ह्यू करणारा जिवंत माणूस बसलेला आहे, आणि ब्रेक तिसऱ्याच्या हातात आहे.

तिथवर पोहोचायला मुलांना काय करावं लागतं? वय दहा ते चौदा. शाळेची परवानगी हवी, आईवडिलांची हवी, मार्क बरे हवेत. मग साधारण चार महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. त्यात सिग्नल, वाहतुकीचे नियम, तिकिटांचे प्रकार, प्रवाशांशी कसं बोलायचं, सगळं येतं. शेवटी परीक्षा. पास झालं की गणवेश. त्यानंतर साधारण पंधरा दिवसांतून एकदा ड्यूटी. मुलांचे गट केलेले असतात आणि रोज वेगळा गट येतो. ड्यूटी शाळेच्या दिवशी आली तर शाळेतून रीतसर सुट्टी, पण बुडालेला अभ्यास स्वतः भरून काढायचा. सुट्टीत गटांची शिबिरं होतात, तिथे राहायचं, खेळायचं आणि आळीपाळीने गाडीही चालू ठेवायची. पगार मिळत नाही.

चौदा पूर्ण झाले, आठवी संपली की नोकरीही संपते. टोपी उतरवायची. पण काही जण तरी जात नाहीत! हायस्कूलमध्ये गेल्यावरही ते परत येतात, ‘इफिवेझेतो’ म्हणून, म्हणजे युवा गटप्रमुख. सोळा-सतरा वर्षांची ही पोरं लहान्यांचा गट सांभाळतात. सकाळी रांग लावणं, कोणाची टोपी हरवली ते बघणं, पहिल्याच दिवशी तिकीट खिडकीत रडवेल्या झालेल्या पोरीच्या शेजारी बसून सुटे पैसे कसे मोजायचे ते दाखवणं, असली कामं त्यांच्याकडे असणार. रेल्वेचे नियम पुस्तकात असतात, पण घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला नेमकं काय सांगायचं हे ज्याने सहा वर्षांपूर्वी तिथेच घाम पुसला त्यालाच ठाऊक. माझ्या मते ही रेल्वे इतकी वर्षं टिकली त्यात या हायस्कूलच्या पोरांचा वाटा मंत्र्यांपेक्षा मोठा आहे.

मंत्र्यांचं काय झालं तेही ऐका. १९५६ च्या जुलैमध्ये गेरो पक्षाचा प्रमुख झाला. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्या रात्री गेरोने रेडिओवरून असं भाषण केलं की लोक आणखी पेटले. दोन दिवसांत त्याचं पद गेलं, मग तो सोव्हिएत युनियनला पळाला. हंगेरीचा उठाव रणगाड्यांखाली चिरडला गेला. गेरो काही वर्षांनी परत आला, पण सत्तेत नाही. त्याच्या काळातली ही रेल्वे मात्र डोंगरात चालूच राहिली.

खरी परीक्षा १९८९-९० ला होती. कम्युनिस्ट राजवट गेली, पायोनियर संघटनेचा दबदबा गेला. पुतळे उतरवले गेले, रस्त्यांची नावं बदलली. मग लाल स्कार्फवाल्या मुलांची रेल्वे कशाला ठेवायची, असा प्रश्न कुणालाही पडला असता. शेवटी काय झालं? रेल्वे ठेवली, नावं बदलली. पायोनियर रेल्वेची ‘मुलांची रेल्वे’ झाली. ‘पायोनियर नगर’ गेलं आणि तिथे त्या भागाचं नाव आलं, चिल्लेबेर्त्स. ‘पुढे!’ या घोषणेच्या जागी ‘विरागव्योल्ज’, म्हणजे फुलांची दरी. शागवारीच्या जागी ‘सेप्युहासने’. अर्थ? सुंदर मेंढपाळीण. घोषणा आणि हुतात्मा गेले, फुलं आणि मेंढपाळीण आल्या. मुलं मात्र तशीच राहिली. तीच परीक्षा, तीच नोंदवही, तोच सॅल्यूट.

जर्मनीतही असंच झालं. पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या मोठ्या बागेत १९५० मध्ये आणि पूर्व बर्लिनमध्ये १९५६ मध्ये अशा रेल्वे निघाल्या होत्या. दोन्ही आज ‘बागेतली रेल्वे’ या साध्या नावाने चालतात आणि मुलं काम करतात. कीव्हमध्ये १९५३ ची आहे. चीनच्या हार्बिनमध्येही एक झाली. पण लांबीच्या बाबतीत बुडापेस्टला तोड नाही, गिनीज बुकातही तिची नोंद आहे.

आता तुमच्यातल्या काही जणांच्या मनात जो प्रश्न आहे तो घेऊ. ही बालमजुरी नाही का? प्रश्न योग्य आहे. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, कारण आपल्याकडे ते मूल शाळा सोडून, घर चालवायला, चहाच्या टपरीवर उभं असतं. बुडापेस्टच्या मुलाचं पोट त्या तिकिटावर अवलंबून नाही. कंटाळा आला तर तो सोडून जाऊ शकतो. शाळा आधी, रेल्वे नंतर. त्यामुळे मी तरी याला मजुरी म्हणणार नाही. पण दुसरी टोचणी शिल्लक राहते. चांगले मार्क आणि शाळेचा होकार ही अट असेल, तर वर्गातल्या मागच्या बाकावरचं पोर, ज्याला हातात खटका मिळाला असता तर कदाचित सगळ्यात जास्त फायदा झाला असता, ते बाहेरच राहतं. पायोनियरांच्या काळातही गाडीत जागा मिळायची ती ‘आदर्श’ मुलांनाच. या बाबतीत राजवट बदलून फारसा फरक पडलेला दिसत नाही.

आणखी एक तुलना करतो, कारण ती मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक ही रेल्वे आणि तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं यांनी मिळून ‘ट्रेल्स अँड रेल्स’ नावाचा उपक्रम चालवला. लांब पल्ल्याच्या गाडीत, मोठ्या खिडक्यांच्या डब्यात, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक उभे राहून सांगायचे: डावीकडे बघा, ही नदी, इथे अमुक घडलं. म्हणजे खरेखुरे गाइड. ते इतिहास सांगतात, पण गाडी त्यांच्या शब्दावर थांबत नाही की सुटत नाही.

बुडापेस्टचा पोरगा भाषण करत नाही. त्याला टेकडीचा इतिहास पाठ असेलच असंही नाही. पण तुम्ही यानोश टेकडीला उतरायचं का विचारलं तर त्याचं ‘हो’ वेगळ्या वजनाचं असतं, कारण ती गाडी त्याच्या गटाने वेळेवर आणलेली असते. यानोश टेकडी म्हणजे शहरातला सगळ्यात उंच भाग, ५२७ मीटर, वर एलिझाबेथ राणीच्या नावाचा दगडी मनोरा. डब्यातले निम्मे पर्यटक तिथेच उतरायला आलेले असतात. म्हणून ‘पुढचं स्टेशन कोणतं, कोणत्या बाजूला चालायचं, परतीची गाडी किती वाजता’ ही वाक्यं त्या मुलांना दिवसभरात कितीतरी वेळा, कधी हंगेरियनमध्ये, कधी शाळेत शिकलेल्या तुटक्या इंग्रजीत, अनोळखी मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलावी लागतात. बारा वर्षांचे असताना आपण पाहुण्यांसमोर यायला सांगितलं की आतल्या खोलीत पळायचो, आठवतंय ना?

कधी त्या बाजूला गेलात तर कसं जायचं तेही सांगतो. ६१ नंबरची ट्राम तुम्हाला ह्युवश्व्योल्जला सोडते. म्हणजे थंड दरी, हे रेल्वेचं खालचं टोक. इथेच या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, लाल स्कार्फच्या काळातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात. वरच्या टोकाला सेचेनी टेकडी. तिथून खाली उतरायला दात्यांच्या रुळावरची जुनी गाडी आहे, १८७४ सालची लाइन. पाऊण तासाचा प्रवास आहे, जंगल दाट आहे, इंजिनं रुमानियात बनलेली लाल डिझेल. थंडीच्या मोसमात सोमवारी बंद असू शकते, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक बघा. तिकीट मोबाइलवर काढू नका, खिडकीवरच काढा. पलीकडे बसलेली मुलगी पैसे दोनदा मोजेल, मग तिकीट देईल. घाई करू नका तिला.

पुढच्या भागात बार्शी लाइट रेल्वे. ते दोन मिलिमीटर मला झोपू देत नाहीत. भेटू!